पोचल्यावर रिंग दे

मुलुंडला तळमजल्यावर राहण्याचा फायदा म्हणजे बाग. बाग हा शब्द मी बिल्डरच्या माहितीपत्रकातून घेतला आहे. प्रत्यक्षात ती आमच्या मागच्या दारापासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंतची मातीची पट्टी आहे. तिच्यात एक कढीपत्ता, एक अनंत आणि आईचं अळू आहे. बाकी वरच्या मजल्यांवरून पडलेले कपड्यांचे चिमटे उगवतात.

या पट्टीत खुर्ची टाकून बाबा बसतात. तरुणपणी ते गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर एका औषधांच्या गोदामात चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. गेली काही वर्षं त्यांची आठवण उतरणीला लागली आहे. आधी अलीकडची माणसं गेली, मग पत्ते गेले, मग मुंबईची मराठी. कामावर आयुष्यभर बोललेली भाषा त्यांनी युनिफॉर्मसारखी खुंटीला टांगली आणि ते आपल्या मालवणीत परत गेले. ती मला समजते, पण बोलायला गेले की आई हसते, म्हणून मी बोलत नाही.

रोज दिवेलागणीला बाबा उठतात आणि चपला शोधतात. "येळ झालो. घराक जाऊक होया."

कुठलं घर, ते आम्हाला अजून कळलेलं नाही. गावचं असेल, लालबागच्या चाळीतली खोली असेल. "अहो, हेच घर," असं आई म्हणते तेव्हा ते हसतात. यजमानीण राहायचा आग्रह करते आणि पाहुण्याला तर निघायचं असतं, तेव्हा पाहुणा जसा हसतो तसं. दोनदा ते खरंच निघाले होते. दुसऱ्यांदा कांजूरमार्गला एका चहावाल्याने त्यांना बाकावर बसवून ठेवलं म्हणून सापडले. तेव्हापासून त्यांच्या मनगटात स्टीलचं कडं आहे आणि त्यावर माझा फोन नंबर कोरलेला आहे.

जानेवारीतली दुपार होती. मी घरी बसून भाषांतरं करते. त्या दिवशी एका कंपनीच्या अध्यक्षांचं भाषण हाती होतं. त्यात दर परिच्छेदाला 'आपला प्रवास' होता आणि कुणीही कुठेही गेलेलं नव्हतं. बागेतून बाबांची हाक आली.

"गो, पावणो इलो!"

मी गाऊनवर ओढणी टाकून धावले. अळूच्या कडेला एक कबूतर उभं होतं.

आमच्या सोसायटीत 'कबूतर' हा शब्द हळू आवाजात उच्चारायचा असतो. सगळ्या मजल्यांना जाळ्या आहेत, जिन्याच्या खिडक्यांत गाण्यांच्या जुन्या सीडी लटकवल्या आहेत आणि गच्चीवर प्लास्टिकचं घुबड आहे. कबुतरं त्या घुबडाच्या डोक्यावर बसतात. सेक्रेटरी दर वार्षिक सभेत कबूतर निर्मूलनावर अशा तन्मयतेने बोलतात की त्यांना एखादी तोफ मिळवून द्यावी असं वाटतं.

पण हे त्यातलं नव्हतं. सडपातळ, छाती पुढे, नाकावर पांढरा उंचवटा, मानेवर निळं-हिरवं पाणी. शेपटीची दोन-तीन पिसं कुणीतरी उपटल्यासारखी गायब होती. घारीचं किंवा शिक्र्याचं काम असणार. इथून राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर दिसतो, तिथे त्यांची वस्ती आहे. मी जवळ गेले तरी ते उडालं नाही. चोच किंचित उघडी ठेवून नुसतं माझ्याकडे पाहत राहिलं. मान्यवरांना बसायला खुर्ची मिळाली नाही की ते जसे पाहतात तसं.

"पावण्याक पाणी दी," बाबा म्हणाले.

आई दारात आली. "अख्खी बिल्डिंग कबुतरांना हाकलतेय आणि आमच्याकडे पाहुणचार! वा. सेक्रेटरीला पण बोलव गो, येऊन ओवाळून जाऊ दे." असं म्हणून तिने आतून पाण्याची वाटी आणून दिली.

कबूतर वाटीकडे बघेना. तेव्हा बाबा उठले, वाकले आणि त्यांनी ते सहज उचललं. सकाळी काय खाल्लं ते न आठवणाऱ्या हातांना लहानपणीच्या कोंबड्या आठवत होत्या. पंख मिटून, पाय बोटांत धरून, पोट तळव्यावर. पायात प्लास्टिकचं लाल कडं होतं. बाबांनी ते डोळ्यांजवळ नेलं, त्यावरचा एकेक आकडा वाचला, आणि मग स्वतःचं मनगट वळवून बघितलं.

"हेका पण नंबर आसा," ते म्हणाले.

मला प्रतीकांचा कंटाळा आहे. पुस्तकात पक्षी आला की तो पक्षी नसणार हे वाचकाला आधीच कळतं आणि बिचाऱ्या पक्ष्याला कुणी पाणी विचारत नाही. म्हणून मी लगेच फोन आणायला आत गेले.

पायातला आकडा कबुतरं पाळणाऱ्यांच्या क्लबचा असावा. पण पंख उलगडला तर एका मोठ्या पिसावर जांभळ्या शाईचा शिक्का होता: मोबाइल नंबर. शेवटचा आकडा पुसट होता. एक किंवा सात. एक लावून बघितला, तर कुणी बाई होत्या.

"तुमचं कबूतर हरवलंय का?"

"अहो, आम्ही नाही कबुतरं पाळत," त्या म्हणाल्या. "कबुतरांनी आम्हाला पाळलंय. पाहिजेत का अजून?"

सात लावला. पुरुषाचा आवाज आला. मागे गुटर्गूचा मोठा कल्लोळ होता. दोन्ही हात मोकळे असावेत म्हणून मी स्पीकर लावला, आणि ती माझी चूक झाली.

"हां, माझाच आहे," तो म्हणाला. मालाडला त्याची गच्ची होती. पक्षी गुजरातकडून शर्यतीत सोडला होता. "बाकीचे रविवारीच आले. याचा बाप बेल्जियन लाइनचा, मॅडम. आजोबा चॅम्पियन."

आमच्या घराण्याची वंशावळ पणजोबांपर्यंत जाते आणि तिथे एका विहिरीच्या भांडणात संपते. त्यामुळे मी आदराने ओढणी सावरली. मग म्हटलं, "मालाड काय, डोंगराच्या पलीकडेच. मी रिक्षाने आणून देते."

"आणू नका."

"अहो, मला काही त्रास नाही..."

"तुम्हाला नाही, मला आहे. हाताने आणलेला पक्षी मी आत घेत नाही. एवढा लांबून आला आणि घराजवळ येऊन वाट विसरला. जो स्वतः घरी येत नाही, तो माझ्या काय कामाचा? तुम्हाला पाहिजे तर ठेवा."

मी स्पीकर बंद केला, पण ते बोलून झालं होतं. बाबा कबूतर छातीशी धरून बसले होते. त्यांचा अंगठा त्या निळ्या मानेवरून फिरायचा थांबला होता.

मी फोन कानाला लावून बाजूला गेले आणि जरा चढ्या आवाजात म्हटलं, "आणि स्वतः आला तर?"

"स्वतः आला तर प्रश्नच नाही. घर त्याचंच आहे." मग त्याचा सूर बदलला. "खाल्लं का त्याने? शिजवलेलं देऊ नका. पाव, शेव तर बिलकूल नको. मूग द्या, कच्चा तांदूळ. पाणी खोल भांड्यात. त्याला चोच बुडवून प्यायची सवय असते, वाटीत नाही पिणार. ताकद आली की सकाळी उंचावरून सोडा. धुकं असेल तर नको."

कामाच्या नसलेल्या पक्ष्याबद्दल इतक्या सूचना मी प्रथमच ऐकत होते.

आईने लोणच्याची रिकामी बरणी पाण्याने भरून आणली. कबुतराने तिच्यात डोळ्यांपर्यंत डोकं घातलं आणि बराच वेळ वर काढलं नाही.

कपड्यांची जाळीची टोपली उपडी घालून त्याची सोय केली, मांजराने उलथू नये म्हणून वर पाटा ठेवला. त्या संध्याकाळी बाबांनी चपला शोधल्या नाहीत. दिवे लागले, आईने देवापुढे उदबत्ती लावली, तरी ते खुर्चीतच. खरं तर आम्हाला हायसं वाटायला हवं होतं. त्यांना तो फोन आठवत नव्हता, हे मी विचारून पाहिलं. शब्द गेले होते. शब्दांनी जे केलं होतं ते मागे राहिलं होतं.

"ह्यांना आज काय झालंय गो?" आईने स्वयंपाकघरात विचारलं. मी तिला सांगितलं.

"मेला," आई म्हणाली. मूग निवडता निवडता थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "मेला बेल्जियन."

दुसऱ्या दिवशी कबूतर खाऊ लागलं आणि बाबांचे प्रश्न सुरू झाले. "हेच्या घराक कळवलंस काय?" दर थोड्या वेळाने, प्रत्येक वेळी नव्याने. पहिल्यांदा मी म्हटलं, "कळवलं, पण..." आणि त्यांचा चेहरा बघून 'पण' गिळला. त्यानंतर एकच उत्तर ठरवलं: "कळवलंय बाबा. वाट बघताहेत. ताकद आली की निघायचंय." हे उत्तर मी दिवसभर दिलं आणि प्रत्येक वेळी ते त्यांना तितकंच आवडलं. मला मात्र त्या उत्तराची भीती वाटायला लागली. ते खरं करायचं काम आता दोन पिसं कमी असलेल्या एका पक्ष्यावर होतं.

दुपारी मालाडहून फोन आला. "सहज केला. खातोय का?"

"खातोय. बरणीतून पाणी पितोय."

"बरणीतून?" तो म्हणाला. "ठीक आहे."

संध्याकाळी सेक्रेटरी आले. कुणीतरी वरून पाहिलं होतं. त्यांनी टोपलीभोवती एक फेरी मारली.

"मॅडम, कमिटीचा ठराव आहे. कबुतरांना खाद्य घालता येत नाही."

"हे कबूतर नाही," मी म्हटलं. "हे बेल्जियन आहे."

"तरी पण."

"उद्या-परवा जातंय ते. तुम्ही गच्चीची चावी द्या, म्हणजे सोसायटीतून एक कबूतर कमी झालं असं तुम्हाला सभेत सांगता येईल."

त्यांनी यावर विचार केला. "चावी देता येणार नाही," ते म्हणाले. "मी स्वतः हजर राहीन."

नंतरची सकाळ धुक्यात गेली. त्याच्या पुढची लख्ख उजाडली. आम्ही लिफ्टने वर गेलो: बाबा, आई, मी, सेक्रेटरी आणि टोपली. शेवटचा अर्धा जिना बाबा कठडा धरून, माझ्या खांद्यावर हात ठेवून चढले. गच्चीवर घुबड होतं आणि घुबडावर नेहमीची मंडळी.

मी टोपली उघडणार, तेवढ्यात बाबांनी हात आत घातला आणि कबूतर काढून घेतलं. ते तोंडाजवळ धरून हळू आवाजात म्हणाले, "सांभाळून जा हां. पोचल्यार रिंग दी."

गावाला निघालेल्या प्रत्येक माणसाला आमच्या घरात हे सांगितलं जायचं. पोचलास की रिंग दे. एकदा वाजव आणि कट कर, उचलायची गरज नाही. तेवढ्यावर इकडची माणसं झोपायची.

त्यांनी हात उघडले. पंख फटफटले आणि ते वर गेलं. एक गोल घेतला, दुसरा त्याहून मोठा. मग ते सरळ ठाण्याच्या खाडीकडे निघालं.

"अहो, चुकीच्या बाजूला चाललंय!" सेक्रेटरी ओरडले. त्यांनी कपाळावर आडवा हात धरला होता. "डावीकडे! अरे, डावीकडे घे!"

ते शेजारच्या टॉवरच्या मागे गेलं. बराच वेळ काही दिसलं नाही. मग कुठून तरी पुन्हा आमच्या डोक्यावरून गेलं, या वेळी उंच, आणि डोंगराच्या दिशेने बारीक होत होत मावळलं. सेक्रेटरींनी चष्मा पुसला आणि सोसायटीचा प्रश्न सुटल्याचं जाहीर केलं.

मी मालाडला फोन करून सांगितलं की सोडलंय, आलं की फक्त एक रिंग द्या. "अर्ध्या तासाचं काम आहे," तो म्हणाला.

अर्धा तास झाला. जेवणं झाली. अध्यक्षांचा प्रवास दोन परिच्छेद पुढे सरकला. बाबा खाली आल्या आल्या सगळं विसरले. टोपलीत आईने पुन्हा कपडे भरले, तेही त्यांना दिसले नाहीत. मला कुणी काही विचारत नव्हतं. त्यांची सगळी विचारणा जणू मला लागली होती. मी फोन उलटा ठेवायचे आणि सुलटा करायचे.

"किती वेळा बघशील?" आई म्हणाली. "ता काय बोटान नंबर फिरवतला?"

डोंगरावर शिक्रे असतात, हे मी तिला म्हटलं नाही. तिलाही ते माहीत होतं. तिने चहा टाकला.

दिवेलागण झाली. बाबा उठले. या वेळी चपला सापडल्या आणि ते कंपाउंडच्या भिंतीतल्या मागच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. "येळ झालो गो. घराक जातंय."

"थांबा ना बाबा, जेवून जा," मी नेहमीचं वाक्य म्हटलं. त्यांनी कडीला हात घातला.

फोन एकदा वाजला आणि बंद झाला.

मी नंबर बघितला. शेवटी सात. लगेच परत फोन लावला.

"आला," तो म्हणाला. "आत्ताच. दिवसभर कुठे बसला होता देव जाणे. दमलाय."

"आत घेतलंत?"

"स्वतः आला ना, मॅडम?" तो जरा चिडूनच म्हणाला. "मग?"

"बाबा," मी म्हटलं, "पोचलं."

कोण पोचलं हे त्यांनी विचारलं नाही. ते त्यांना आठवत होतं की नव्हतं, मी सांगू शकत नाही. कडीवरचा हात मात्र तसाच थांबला.

"पोचलां? जेवलां काय?"

फोन चालूच होता. मी तोच प्रश्न मालाडला विचारला. पलीकडे दाणे ओतल्याचा आवाज आला.

"जेवतोय," तो म्हणाला. "सांगा त्यांना."

मी सांगितलं. बाबांनी मान हलवली, फाटकाची कडी परत लावली आणि पायरीवर बसून एकेक चप्पल काढून ठेवली.

"बरा झाला," ते म्हणाले. "चला, आपणय जेवया."