वर्षाराणीचं केळवण

चौसाळ्यातल्या बायकांना पोरगी गावाबाहेर पाठवायची एकच रीत ठाऊक होती, ती म्हणजे लग्न. त्यामुळे मृत्युंजय किराणावाल्यांची वर्षाराणी तायक्वांदोच्या राष्ट्रीय स्पर्धेला बंगलोरला निघाली, तेव्हा गल्लीनं तिचं चक्क केळवण केलं. घरोघरी पाट, रांगोळी, ताटात पुरणपोळी. सगळं प्रेमानं. तक्रार कुणाकडे करणार?

पुढं ती खेळाडू म्हणून पोलिसात लागली, पण ही गोष्ट त्याआधीची, गावात एसटीडी बूथ नुकता आला होता तेव्हाची. त्रेचाळीस किलोच्या आतल्या गटात ती राज्यात पहिली आली होती. तिची लाथ समोरचीच्या डोक्यापर्यंत जायची, तोंडातून मात्र शब्द फुटायचा नाही. तिला बीडला शिकवणाऱ्या रविराज सरांनी बजावलं होतं, वजन सांभाळ. पण तिच्या चुलती चंद्रभागाबाई पोळीवर तुपाची धार सोडत म्हणाल्या, "खा गं, परमुलखात कोण वाढणार हाय तुला?" मोठ्यांना नको म्हणणं तिच्या जिवावर आलं. ती खात गेली.

बंगलोरला वजन जास्त भरलं. सरांनी तिला मैदानाभोवती पळवलं, पुन्हा काट्यावर उभं केलं. उपयोग झाला नाही. एकही लढत न खेळता तिचं नाव कापलं गेलं. इतर राज्यांच्या पोरी बघत होत्या, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येऊन तिनं एवढंच सांगितलं, "हरले." खरं बोलली असती तर अख्खी गल्ली खजील झाली असती. मला विचाराल तर हा चांगुलपणा नव्हे, शुद्ध भित्रेपणा. वर्षभर बायका हळहळत राहिल्या, की पोरीच्या अंगात बळच नाही. पुढच्या स्पर्धेआधी चंद्रभागाबाईंनी जाहीर केलं, औंदा डबल केळवण.

पाटावर बसून वर्षाराणीनं घास मोडला, पण तोंडात घालवेना. खाल्लं तर पुन्हा तेच होणार होतं. ती खाली मान घालून म्हणाली, "काकू, मी हरले न्हवते. वजन वाढलं म्हणून मला खेळूच दिलं न्हाई."

तुपाची वाटी चंद्रभागाबाईंच्या हातात तशीच राहिली. "मंग कावून सांगितलं न्हाईस?"

"तुमाला वाईट वाटलं असतं."

त्या ताट उचलून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी एसटीवर पोचवायला वडिलांशिवाय कुणी आलं नाही. रात्रीतून गोष्ट गल्लीभर झाली होती; बायकांना तोंड दाखवायची लाज वाटत होती, आणि वर्षाराणीला वाटत होतं, आपण त्यांना उघडं पाडलं.

या वेळी ती सुवर्णपदक घेऊन आली. हलगी वाजली, पेढे वाटले. मिरवणुकीत चंद्रभागाबाई नव्हत्या. वर्षाराणी तडक त्यांच्या घरी गेली आणि पाट ओढून बसली. "काकू, भूक लागलीय. वाढा."

आग्रह करकरून पाहुण्यांना हैराण करण्यात त्या बाईंचं आयुष्य गेलेलं. त्यांनी पोळी मोडून अर्धीच ताटात ठेवली, तूप घातलं नाही, आणि हळूच विचारलं, "एवढं चालंल का, बाई?"