भोंगाकाकांचा आवाज

आमच्या वाचनालयात सगळे त्यांना भोंगाकाका म्हणायचे, तेही तोंडावर, आणि त्यांना त्याचा अभिमान होता. जवळजवळ उभी नोकरी त्यांनी बसस्टँडवर गाड्यांच्या घोषणा करण्यात घालवली. आधी ते तिथे टपावर सामान चढवायच्या कामाला होते. एकदा घोषणा करणाऱ्या माणसाचा घसा बसला, साहेबांनी समोर दिसेल त्याला माईकपुढे बसवलं, आणि समोर दिसले ते हेच. त्यानंतर टपावर चढायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही.

"गाडी रद्द झाली हेसुद्धा हे असं सांगायचे, की लोकांना वाटावं, काहीतरी बक्षीसच मिळालंय," असं काकू म्हणायच्या. काकू म्हणजे त्यांची बायको. त्या एका औषधाच्या दुकानात काउंटरवर उभ्या असायच्या. बोलणं मोजकं. का, म्हणून कोणी विचारलं तर म्हणायच्या, "एका घराला एक भोंगा पुरे."

मी त्या वाचनालयाची ग्रंथपाल. वाचनालय म्हणजे पुढे पुस्तकांचा हॉल, एका बाजूला वर्तमानपत्रांचे स्टँड, आणि मागे एक लांबट खोली. त्या खोलीत आळीपाळीने सगळं चालायचं. बुद्धिबळवाले, लहान मुलांचा चित्रांचा वर्ग, विणकाम-शिवणकामाचं मंडळ. निवृत्त झाल्यावर काका पेपर वाचायला यायला लागले. त्यांना मनात वाचायची सवयच नव्हती. अग्रलेखसुद्धा ते असा वाचायचे, की समोरचा माणूस पिशवी उचलून उभा राहायचा. शेवटी मीच म्हटलं, "काका, इथे लोकांना त्रास होतो. त्यापेक्षा दर गुरुवारी मागच्या खोलीत कथा वाचून दाखवाल का? ऐकणारे जमवते मी."

ते जमवावे लागले नाहीत. तिसऱ्या-चौथ्या गुरुवारपासून खुर्च्या कमी पडायला लागल्या. ज्यांची नजर अधू झालेली, ज्यांना घरी वेळ जात नाही, ज्यांना वाचायचा कंटाळा पण गोष्टीची आवड, असे सगळे यायचे. म्हातारा, पोर, बाई, दारू पिऊन आलेला जावई, सगळ्यांचे आवाज काकाच काढायचे. त्या वेळी पुढच्या हॉलमध्ये शिवणवाल्या बसल्या असल्या तर त्यांची तक्रार ठरलेली. "काका, तुमच्या वाचनात खून पडला की आमचा टाका चुकतो हो!"

एक खोड मात्र होती. पुस्तक दुसऱ्याच्या हातात गेलेलं त्यांना सोसायचं नाही. कोणी म्हणालं, "मी एखादं पान वाचू का?" तर म्हणायचे, "वाचा की," आणि मग दर ओळीला, "श्वास घ्या... शब्द खाऊ नका... शेवटच्या रांगेत ऐकू यायला हवं." पान संपायच्या आत वाचणाऱ्याची हौस फिटायची.

असं बरंच चाललं. मग एका जाडजूड कादंबरीच्या मध्यावर त्यांचा आवाज खरखरायला लागला. काढे झाले, गुळण्या झाल्या. कादंबरीतल्या तीन भावांची होडी वादळात सापडली आणि इकडे काकांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गाठ गेली, धोका टळला, पण आवाज परत येणार नाही. उरली ती कुजबुज. कान तोंडाशी नेला तर कळेल एवढीच.

काकांनी वाचनालयात येणं सोडलं. मी दोनदा निरोप पाठवला, उत्तर नाही. गुरुवारी मीच दुसरं पुस्तक हातात घेऊन बसले, पण माझं लक्ष सारखं काउंटरकडे, आणि वाचन म्हणजे हजेरी घेतल्यासारखं. खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्या.

एका गुरुवारी काकू काकांकडे राहिलेलं ते कादंबरीचं पुस्तक परत द्यायला आल्या. मागच्या खोलीत चार-पाच जण नुसतेच बसले होते. त्यातल्या एका आजोबांनी पुस्तक ओळखलं.

"वहिनी, त्या धाकट्याचं काय झालं हो? पोहता येत नव्हतं त्याला."

"मला नाही माहीत. खूण आहे तिथपर्यंतच वाचलंय ह्यांनी."

"मग बघा की जरा पुढे!"

काकूंनी उभ्याउभ्याच पुस्तक उघडलं. "बघते," म्हणाल्या आणि वाचायला लागल्या. त्यांनी कोणाचा आवाज काढला नाही, कुठे थरथरल्या नाहीत. शेजारीण चहा पिता पिता काल घडलेलं सांगते, तसं. आवाज इतका हळू, की सगळ्यांनी आपापल्या खुर्च्या पुढे ओढल्या. पान उलटताना मध्येच त्यांनी पर्स खांद्यावरून काढून टेबलावर ठेवली आणि बसल्या. बाहेर दिवे लागले तेव्हा धाकटा एका फळीला धरून तरंगत होता.

"तुम्ही एवढं छान वाचता, काकू?" मी विचारलं.

"डॉक्टरांचं अक्षर वाचण्यात जन्म गेला. हे तर छापील आहे."

पुढच्या गुरुवारी त्या परत आल्या. घरी सांगून आल्या होत्या, शिवणाच्या मंडळात नाव घातलंय. शिवणवाल्यांना हे ठाऊक होतं. काकू घरी निघाल्या की त्या मुद्दाम त्यांच्या पिशवीत लोकरीचा एक गुंडा टाकायच्या. महिनाभरात खुर्च्या पुन्हा भरल्या.

पण पेठ लहान, तोंडं फार. न्हाव्याने दाढी करता करता काकांना विचारलं, "काय मग, तुमची गादी वहिनींनी चालवायला घेतली म्हणे?" दाढी अर्धी असताना काका खुर्चीत ताठ झाले. पुढच्या गुरुवारी ते आले आणि वर्तमानपत्रांच्या स्टँडमागे उभे राहिले. मला दिसले. थोड्या वेळाने काकूंनी पान उलटताना मान वर केली आणि त्यांनाही दिसले. त्या वाक्याच्या मध्यात थांबल्या. काका वळले आणि निघून गेले.

दोन दिवसांनी काकू माझ्या काउंटरशी आल्या. "मी येणार नाही आता. अबोला धरलाय त्यांनी."

मी हातातला शिक्का खाली ठेवला. त्या म्हणाल्या, "आवाज नसलेल्या माणसाने अबोला धरलाय, हे ओळखायला मला एक दिवस लागला." आणि हसल्या, आणि मग डोळे पुसले.

मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, खिडकीत कपडे वाळत घातलेले. काका खिडकीपाशी बसले होते. माझ्यासाठी खुर्ची पुढे केली. मी वाकून कान जवळ नेला.

"कशी वाचते ती?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"तुम्हीच ऐकलंत ना."

त्यांनी खिडकीतला एक कपडा उगाच सरळ केला. मग म्हणाले, "वाईट वाचत असती तर बरं झालं असतं, ताई." जरा दम खाऊन पुढे म्हणाले, "लोक पुढे सरकून बसले होते. माझ्यासाठी कोणी कधी पुढे सरकलं नाही."

"तुम्हाला शेवटच्या रांगेतसुद्धा ऐकू यायचं, काका. कशाला सरकतील?"

त्यावर त्यांना हसू आलं, पण गळ्यातून नुसती हवा निघाली. स्वतःचं हसणंही ऐकू येत नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा एकदम उतरला. "इतकी वर्षं संसार केला. ती अशी वाचते, हे मला ठाऊक नव्हतं. मी तिला जागाच ठेवली नाही."

"काकूंना जागा ठेवली नाही असं कसं म्हणता, काका?" माझा आवाज जरा चढला. स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "सगळं पाप स्वतःच्या पदरात घेऊ नका. मी तरी कुठे मागितली जागा? मला आपलं बरं होतं, आयतं ऐकायला मिळत होतं."

"खोटं का बोललीस पण? शिवण म्हणे!"

काकांची ही कुजबुज काकूंना ऐकू गेली नाही. मला ते मोठ्याने पुन्हा सांगावं लागलं. काकू कप घेऊन दारात आल्या. "खरं सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

काकांनी विचार केला. "तुला श्वास घ्यायला शिकवलं असतं," ते म्हणाले. हेही मलाच मोठ्याने सांगावं लागलं, आणि मग आम्ही तिघंही हसलो.

त्या गुरुवारी दोघं बरोबर आले. काका शेवटच्या रांगेत बसले. मध्ये एकदा त्यांचा हात सवयीने वर गेला, काकूंचा एक शब्द निसटला होता म्हणून. तो हात त्यांनी तसाच मागे नेऊन कान खाजवला. थोड्या वेळाने उठले, खुर्ची उचलली आणि पुढे आणून ठेवली.

कादंबरी संपली, दुसरी लागली. काका नियमाने यायचे, पण नुसतं ऐकणं त्यांच्या अंगवळणी पडेना. ऑपरेशननंतर दवाखान्यात बोलण्याचे व्यायाम शिकवणारी एक बाई होती, तिच्याकडे ते अजून जायचे. तिथे बाकावर त्यांच्यासारखेच दोघं-तिघं बसलेले असत. एक दिवस ते मला कुजबुजले, "ताई, मंगळवारी दुपारी मागची खोली रिकामी असते ना?"

"असते. कशाला?"

"आम्हाला हवी आहे. घरी कोणी नीट ऐकून घेत नाही. आम्ही बोलायला लागलो की घरचेच पुढचं वाक्य पुरं करतात."

असं ते मंगळवारचं मंडळ सुरू झालं. गळ्याची ऑपरेशनं झालेले, अर्धांगवायूने जीभ जड झालेले, एक भाजीवाला, एक निवृत्त वकील. आमच्याकडच्या सगळ्या मंडळांत एवढ्या एकाच मंडळाला मी कधी 'हळू बोला' म्हटलं नाही. काका त्यांना श्वास शिकवायचे, बोटाने टेबलावर ताल धरून. कोणी अडखळलं तर थांबायचे.

परवा शाळेतल्या एक बाई नव्याने आल्या. ऑपरेशन झाल्यापासून घरातही एक शब्द बोलल्या नव्हत्या. मुलगी त्यांना दारापर्यंत सोडून गेली. काकांनी त्यांना काही विचारलं नाही. शेजारी बसून राहिले. बाकीचे आपापलं कुजबुजत होते. मी दारातून बघत होते. बाईंनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. तिसऱ्यांदा त्यांनी काकांच्या बाहीला हात लावला, आणि काकांनी कान पुढे केला. मग ते उठले आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. पंखा हळूहळू थांबला.

"काय म्हणाल्या?" मी नंतर विचारलं.

"पंखा बंद करा म्हणाल्या. तुम्हा सगळ्यांचं बोलणं ऐकू येत नाही."