दोरी ओढली की थांबायचं

आमच्या हिच्या मामांनी आयुष्यात एकही वस्तू, माणूस किंवा बातमी तपासल्याशिवाय घरात घेतलेली नाही, आणि त्या तपासणीतून गेलेल्यांत मीही एक आहे. बघण्याच्या कार्यक्रमात बाकीची मंडळी मला पगार आणि गाव विचारत होती, तेव्हा मामा खुर्ची जरा तिरकी करून नुसते माझ्याकडे पाहत होते. पोहे संपल्यावर त्यांनी मला उभं राहायला सांगितलं, 'जरा वळा' म्हणाले, आणि मी वळलोही. मग हिच्या वडिलांच्या कानाशी लागून, पण सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी निकाल दिला, "मुलगा पास हाय. फिनिशिंग राहिलंय थोडं, ते घरी करून घेऊ." लग्नाला बारा वर्षं झाली, ते काम अजून चालू आहे.

मामा मूळचे खेड तालुक्यातले. भोसरीच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं त्यांनी क्वालिटीत काढली, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या मालात खोट काढण्याचा त्यांना पगार मिळे. आता निवृत्तीनंतर ते हे काम फुकट करतात. दिघीला दोन खोल्यांत एकटे राहतात. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी व्हर्नियर, ज्यानं कारखान्यात सुट्या भागांची जाडी मोजतात ते. आमच्याकडे जेवायला आले की पहिली पोळी मोजून होते. "एका टोकाला जरा जाड हाय, पण चालतंय," असं म्हणाले की ही दिवसभर खुशीत असते. मोशीच्या बाजारात ते वांगं देठापासून बुडापर्यंत तीनदा फिरवून बघतात, आणि एक भाजीवाली तर त्यांना लांबून पाहिलं की स्वतःच खराब वांगी बाजूला काढायला लागते. रागावले की मात्र मामा एकदम पुस्तकी मराठी बोलतात. 'हाय'चं 'आहे' झालं की घरातली माणसं हळूच आतल्या खोलीत सरकतात. एरवी त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावतं: माल वाईट नसतो, पद्धत वाईट असती.

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की त्याच्याकडे लक्ष देणं सोडून दिलं होतं. मग गेल्या वर्षी आमच्या सईला, आठव्या वर्षी, मधुमेह निघाला. रोज चार वेळा इन्सुलिन, आणि तेही आता कायमचं. हॉस्पिटलातल्या सिस्टरनं सगळं नीट शिकवलं होतं, पण घरी आल्यावर आम्हाला त्यातलं फक्त 'वेळ चुकवू नका' एवढंच आठवत राहिलं. जेवणाची वेळ झाली की सई पलंगाखाली. मी तिला पाय धरून बाहेर ओढायचो आणि दोन्ही हात पकडून ठेवायचो. ही रडत रडत सुई टोचायची आणि वर म्हणायची, काही नाही गं, मुंगी चावल्यासारखं. बाजूच्या फ्लॅटमधल्या वहिनी दाराशी येऊन 'शहाणी ना तू' म्हणायच्या. असं दिवसातून चार वेळा. दुसऱ्या आठवड्यात सईनं माझ्याशी बोलणं बंद केलं. बाबांनी हात धरले होते ना. पाणी हवं असलं तरी ती आईला सांगे, बाबांना सांग म्हणून, आणि मी तिथंच दोन फुटांवर बसलेला असे. चाकणला माझ्या हाताखाली साठ माणसं काम करतात, पण माझी स्वतःची पोर माझा हात जवळ आला की अंग चोरते, हे मला सहन होईना. आजाराशी जुळवून घेता येईल असं डॉक्टर म्हणाले होते. पण या अबोल्यावर त्यांच्याकडेही औषध नव्हतं.

मामा दोन दिवसांसाठी म्हणून आले आणि अडीच महिने राहिले. पहिले तीन दिवस त्यांनी तोंड उघडलं नाही. स्टूल घेऊन कोपऱ्यात बसायचे आणि वहीत काहीतरी लिहायचे. पोर रडतीय आणि हे लिहितायत, हे बघून माझं डोकं फिरायचं. चौथ्या दिवशी त्यांनी हॉस्पिटलातल्या सिस्टरला फोन लावला आणि अर्धा तास शंका विचारल्या. शेवटी ती बाई म्हणाली म्हणे, काका, इतकं तर आमच्या परीक्षेतही विचारलं नव्हतं. मग आम्हा नवराबायकोला समोर बसवून मामांनी वही वाचून दाखवली. वापरातलं इन्सुलिनचं पेन तुम्ही फ्रिजमध्ये ठेवता आणि गारच्या गार टोचता, ते जास्त झोंबतं. सिस्टरनं बाहेर सावलीत ठेवायला सांगितलं होतं, ते पेनासोबतच्या कागदावरही छापलंय. स्पिरिट ओलं असतानाच सुई घालता. चार दिवसांत बारा वेळा एकाच मांडीत एकाच जागी दिलं, तिथं गाठ व्हायला आली. सुई दर वेळी नवी पाहिजे, तुम्ही काटकसर करता. पोरीला आडवी दाबता, त्यानं अंग आणखी ताठ होतं आणि ताठ अंगात जास्त दुखतं. आणि खोटं बोलता. मुंगी म्हणं. तिला कळत न्हाई का मुंगी कशी चावती ते? वही मिटून मामा म्हणाले, "पोरीत फॉल्ट न्हाई. तिला रिजेक्ट करू नका."

मग घरात इंजेक्शनची रीतसर पद्धत बसली. पेन माठाशेजारच्या फळीवर आलं. स्पिरिट वाळेपर्यंत सईनं वीस अंक मोजायचे, आणि आकडा चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. एका पुठ्ठ्यावर मामांनी माणसाची आकृती काढली, पोट, दंड, मांड्या यांचे चौकोन पाडले, आणि आज कुठला चौकोन हे सई ठरवणार. आकृतीला मिशा का आहेत असं तिनं विचारलं तेव्हा मामा म्हणाले, ड्रॉइंग माझं हाय, तर मिशा माझ्याच येणार. त्या दिवशी ती आजारपणानंतर पहिल्यांदा हसली. एका रविवारी त्यांनी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला कोरी, नवी सुई स्वतःला टोचून घ्यायला लावली, का तर ज्यानं मशीन चालवलं न्हाई त्यानं ऑपरेटरला शिकवू नये. मी डोळे घट्ट मिटले होते, ते सईनं पाहिलं आणि आईला सांगितलं, बाबांना सांग, वीस मोज.

पण मामांची खरी करामत म्हणजे दोरी. आमच्या कंपनीत असेंब्ली लाईनच्या बाजूनं एक दोरी जाते. कुठल्याही कामगाराला काही चुकतंय असं वाटलं की त्यानं ती ओढायची आणि लाईन थांबते. मग मॅनेजर असो की मोठे साहेब, आधी त्या माणसाशी बोलायचं, मगच लाईन सुरू. मामांनी तशीच एक सुतळी खिडकीच्या ग्रिलला बांधली, टोकाला घंटी लावली आणि सईच्या हातात दिली. तू ओढलीस की जो तो जिथल्या तिथं थांबणार, हात वर. तुझ्याशी बोलणार, तू हो म्हटलंस की पुढं. "पण ही थांबवायला हाय, टाळायला न्हाई," एवढं त्यांनी बजावलं. पहिल्या संध्याकाळी तिनं घंटी अकरा वेळा वाजवली. आम्ही अकरा वेळा हात वर करून उभे राहिलो, आमटी निवली, पण पलंगाखाली कुणी गेलं नाही. आठवड्यात अकराचे दोन झाले. आणि एका सकाळी ती थेट मला म्हणाली, "बाबा, आज डावी मांडी." एवढंच. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलो.

इतकं झाल्यावर माणसानं जपावं की नाही? पण मी पडलो प्रॉडक्शनचा माणूस. पुढच्याच महिन्यात माझी पहिली शिफ्ट होती, सव्वासहाला चौकात कंपनीची बस येणार, आणि सकाळचं इंजेक्शन माझ्याकडे. सईनं घंटी वाजवली. मी घड्याळाकडे पाहिलं आणि दिलं टोचून. वर म्हणालो, बघ, कळलंसुद्धा नाही. ती रडली नाही. मी बस पकडली आणि दिवसभर स्वतःवर खूश होतो.

संध्याकाळी घरी आलो तर ग्रिलवर दोरी नव्हती. सईनं ती सोडून, नीट गुंडाळून, मामांच्या वहीवर ठेवली होती. रात्रीच्या जेवणाआधी तिनं दंड पुढे केला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मोजणं नाही, चौकोन नाही. तो दंड जणू तिचा नव्हताच. ही सुटकेच्या आवाजात म्हणाली, शहाणी झाली हो, आता रडतही नाही. मामांचा चेहरा उतरला होता. "रडत नाही म्हणजे दुखत नाही, असे समजू नका," ते म्हणाले. 'आहे', 'नाही', सगळं शुद्ध. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, तुमच्या कंपनीत दोरी ओढल्यावर सुपरवायझरने लाईन चालूच ठेवली तर काय करतात? मी म्हणालो, लेखी खुलासा घेतात. मामांनी वही आणि पेन पुढे सरकवलं.

मी लिहिलं: काय चुकलं, दोरी ओढली तरी थांबलो नाही. कारण, घाई. जबाबदार, बाबा. खाली सही केली आणि सईसमोर उभा राहिलो. तिनं ते दोनदा वाचलं. "बस चुकणार असली तर?" तिनं विचारलं. मी म्हणालो, चुकू दे. तिनं दोरी माझ्या हातात दिली आणि मी ती बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं घंटी वाजवली. मी हात वर केले. काय झालं विचारलं, तर म्हणाली, काही नाही. मग परत वाजवली. परत तेच. तिसऱ्यांदा वाजवली तेव्हा चौकातून बसचा हॉर्न ऐकू आला आणि बस गेली. मी हात वर करून उभाच होतो. सईनं खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता द्या, बाबा." चाकणच्या ट्रॅफिकमधून गाडी हाणत मी पाऊण तास उशिरा पोचलो, साहेबांची बोलणी खाल्ली, आणि इतक्या आनंदानं मी ती पूर्वी कधी खाल्ली नव्हती.

मामांनी परत जायची पिशवी भरली त्या संध्याकाळी सईनं त्यांना विचारलं, मामाआजोबा, तुम्ही सगळ्यांना शिकवलं, पण मला स्वतः एकदाही का नाही दिलं? तोवर आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षातच आलं नव्हतं. मामा पिशवीची चेन लावत राहिले. मग पलंगावर बसले आणि तिच्याशीच बोलल्यासारखं बोलले. "तुझ्या मामीआजीला दिलीत. तिच्या शेवटच्या वर्षी, सहा महिने, पोटात. घड्याळ लावून द्यायचो, एक वेळ चुकवली न्हाई. फ्रिजमधनं काढायचं, द्यायचं, वहीत टिक करायची. ती डोळं मिटून घ्यायची. बोलली न्हाई कधी, आन् मी बी विचारलं न्हाई. मला वाटलं, माल ओके हाय."

ही तोंड फिरवून ओट्याकडे गेली. मामी किती सोसणारी होती हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. सईनं फळीवरचं पेन आणून माझ्याकडून डोसचा आकडा लावून घेतला आणि मामांच्या हातात दिलं. आज तुम्ही, म्हणाली. पस्तीस वर्षं केसाएवढा फरक पकडणाऱ्या त्या माणसानं आकडा दोनदा तपासला. त्यांनी जागा पुसली, वाळेपर्यंत दोघांनी वीस मोजले. "देऊ?" त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली, तरी त्यांनी परत विचारलं. मग दिलं, सावकाश दहा मोजून सुई काढली, आणि तिच्या तोंडाकडे बघत विचारलं, "दुखलं का?"

सईनं क्षणभर विचार केला. "हो," ती म्हणाली. "थोडं दुखलं."

मामांनी मान हलवली, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि बराच वेळ तो तिथंच राहू दिला. "सांगितलंस ते बरं केलंस, बाई," एवढंच म्हणाले.