थांबआत्या

हाताला सुई नसली की आत्या आजारी आहेत असे घरात सगळे धरून चालत. तयार कपड्यांच्या कारखान्यात त्यांनी पस्तीस वर्षे काज-बटणे केली. डोळे कुरकुरू लागले तेव्हा कारखाना सोडला, काम मात्र घरी आणले. धाकट्या भावाच्या घरातली मागची खोली त्यांची. शिलाई मशीन, बटणांचे सात डबे आणि मापांची एक जाडजूड वही, एवढा त्यांचा संसार.

ती खोली शांत होती म्हणून भावजयीची नजर तिच्यावर गेली. भावजय शाळेत गणित शिकवी. गैरहजर राहणाऱ्या मुलांसाठी धडे मोबाइलवर चित्रित करून वर्गाच्या ग्रुपवर टाकावेत, असे शाळेने ठरवले होते. वर्गात जिची जीभ एका जागी ठरत नसे, ती बाई फोनसमोर उभी राहिली की खांबासारखी होई.

“त्या काळ्या ठिपक्याकडे बघून माझं डोकंच चालत नाही,” ती वैतागली.

“समोर कोणीतरी बसलंय असं समज ना, आई,” तिची लेक म्हणाली. चित्रण, कापाकापी, खालची अक्षरे, सगळे तीच पाही.

“समजायचं कशाला? वन्सं, तुम्हीच बसा बरं जरा इथं.”

“मी? पाचवी अर्धी सोडलेली बाई!”

“म्हणून तर.”

भिंतीला फळा लागला, मशीनच्या लाकडी झाकणावर फोन टेकवला गेला आणि त्याच्यामागे स्टुलावर, मांडीत शर्ट घेऊन, आत्या बसल्या. भावजयीची जीभ सुटली. सहा भागिले एक छेद दोन, उत्तर बारा. ती पुढच्या उदाहरणाकडे वळणार तोच फोनमागून आवाज आला, “थांब.”

“काय झालं?”

“भागलं ना? मग वाढलं कसं? सहाचे बारा कसे होतील? उगाच काहीही सांगू नकोस मुलांना, मास्तरीणबाई.”

भावजयीने टेबलावरची फीत उचलली. “सहा मीटर फीत आहे. अर्ध्या-अर्ध्या मीटरचे तुकडे केले तर किती होतील?”

“बारा,” आत्या फटकन म्हणाल्या. आणि मग, हळूच, “अगं बाई! हे तर मी जन्मभर करतेय.”

लेकीकडून ते कापायचे राहून गेले. धडा तसाच ग्रुपवर गेला आणि दुसऱ्या दिवशी वर्गाने त्या न दिसणाऱ्या बाईचे बारसे करून टाकले : थांबआत्या.

आत्यांच्या त्या एका शब्दामागे जवळजवळ पन्नास वर्षे साचली होती, हे त्या वर्गाला माहीत असण्याचे कारण नव्हते. त्या पाचवीत असताना आई अंथरुणाला खिळली आणि तान्ह्या भावाला सांभाळायला त्या महिनाभर घरी राहिल्या. परत गेल्या तेव्हा फळ्यावर अपूर्णांक आले होते, एक आकडा वर, एक खाली, मध्ये रेघ. सगळा वर्ग माना डोलावत होता. “थांबा” हा शब्द रोज ओठापर्यंत येई आणि तिथूनच परत जाई. चार महिन्यांनी त्यांनीच शाळेत जाणे सोडले. कुणी काढले नव्हते, म्हणून कुणाला दोषही देता आला नाही. शिकणाऱ्याला शिकवणाऱ्याचे बोलणे अडवता येणे हा शिक्षणातला किती मूलभूत हक्क आहे, हे तो हक्क कधी न बजावलेल्या माणसालाच नेमके कळते.

आता तो शब्द रविवारी दुपारी मोकळेपणाने सुटू लागला. “थांब, हे शून्य कुठून आलं?” “थांब, तू दोन पायऱ्या एकदम चढलीस.” भाची म्हणाली, “आत्या, कितव्या मिनिटाला थांबवलंस ते लिहून ठेवशील? तिथं मला अक्षरं मोठी करता येतील.” आत्यांनी मापांच्या वहीत, छाती-कंबर-बाह्यांच्या रकान्यांखाली, मिनिटे लिहायला सुरुवात केली, आधीच्या धड्यांचीसुद्धा. चार-दहा. सात-पंचवीस. नऊ-पाच. लिहिताना त्यांचा चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलीसारखा गंभीर होई.

वर्षअखेरीला एका मोठ्या शिक्षणसंस्थेने ते धडे आपल्या अ‍ॅपवर घेण्याची तयारी दाखवली. शेकडो शाळांतून ते पाहिले जाणार होते. अट एकच : ध्वनी स्वच्छ हवा, शिक्षकाखेरीज दुसरा आवाज नको.

भावजयीने हे सांगताना भाजी निवडण्यातून मान वर केली नाही. आत्याच म्हणाल्या, “मग काढा की. बाहेरची खडखड काढता, तसंच हेही. माझं काय अडलंय?”

भाचीने एक नवे साधन आणले. ते माणसाचा एखादा आवाज अलगद वेगळा करी, मागे खूणही उरत नसे; त्या आवाजाला दिलेली उत्तरे भाचीने कापली. कुठे काढायचे हे शोधावेही लागले नाही, कारण मापांच्या वहीत सगळे लिहिलेलेच होते. आत्यांनी स्वतःच्या हाताने केलेल्या यादीने एका दुपारी चोवीस धड्यांतून आत्या पुसल्या गेल्या.

पहिला धडा त्यांनी ऐकला. सहा भागिले अर्धा, उत्तर बारा, पुढचे उदाहरण. शिवण इतकी सफाईदार की जोड दिसू नये. “छान झालंय,” त्या म्हणाल्या आणि स्टूल उचलून मशीनखाली सरकवले. पुढच्या रविवारी त्यांना कारखान्यातल्या मैत्रिणीकडे जायचे होते, त्याच्या पुढच्या रविवारी डोके दुखत होते. भावजय पुन्हा खांब झाली. तिला कारण कळत होते आणि विचारण्याचे धाडस होत नव्हते.

तीन आठवड्यांनी भाची लॅपटॉप घेऊन मागच्या खोलीत आली. आईही तिच्यामागून आली आणि दारातच उभी राहिली.

“आत्या, हे बघ. अ‍ॅपवर मुलं धडा कुठं मागं नेऊन पुन्हा बघतात ते यात कळतं. ही रेघ. मिनिटं मी जुन्या, न कापलेल्या धड्याचीच लावलीत.”

पडद्यावर एक रेघ होती. सपाट चाले, मध्येच डोंगरासारखी वर चढे आणि उतरली की आधीपेक्षा खाली जाई.

“खाली जाते म्हणजे?”

“मुलं तिथंच धडा बंद करतात.”

आत्यांनी चष्मा पुसला. पहिला डोंगर कितव्या मिनिटाला, म्हणून विचारले. “चार-दहा,” भाची म्हणाली. आत्या उठल्या, वही काढली, बोट ठेवले. पुढचा? सात-पंचवीस. पुढचा? नऊ-पाच. बोट एकेक ओळ खाली सरकत होते.

“आईच्या वर्गातल्या काही मुलांनी लिहिलंयसुद्धा,” भाची वाचू लागली. “‘बाई, थांबआत्या कुठं गेल्या? आम्हाला विचारायची लाज वाटते, त्यांना वाटत नव्हती.’”

आत्यांनी वही मिटली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले.

“म्हणजे त्यांनाही तिथंच अडतं,” त्या म्हणाल्या. “मला वाटत होतं, माझंच डोकं जड.”

भावजय आत आली आणि तिने वाकून मशीनखालचे स्टूल ओढले. “वन्सं, चूक माझी आहे. त्या अटीपुढं मी एकदासुद्धा थांबा म्हटलं नाही. आज सकाळी त्यांना कळवलंय, धडे ठेवायचे तर आवाजासकट ठेवा. तो दुसरा आवाज नाही, तो वर्गाचा आवाज आहे.”

“आणि नाही म्हणाले तर?”

“तर आपला ग्रुप आहेच. बसा आता. तो भागाकाराचा पहिला धडा पुन्हा नीट करू. तुम्ही तिथंच थांब म्हणा, पहिल्यासारखं.”

आत्यांनी मान हलवली. “नाही म्हणायची.”

“अजून राग गेला नाही?”

“राग कसला! मला कळलंय ते आता. कळलेलं असताना न कळल्याचं सोंग करू? ती पोरं माझ्यावर भरवसा ठेवून बसलीत.” त्यांनी वहीचे कोरे पान उघडले, पेन्सिलीला टोक केले आणि स्टुलावर ऐसपैस बसल्या. “जुना आहे तसाच परत लाव. आणि मास्तरीणबाई, तू पुढचं काढ. ते दशांश की काय म्हणतात ना, ते. त्यातलं मला ओ की ठो येत नाही.”

भाचीने फोन झाकणावर टेकवला. भावजयीने घसा साफ केला आणि खडू उचलला. पहिले वाक्य पुरे व्हायच्या आतच फोनमागून आवाज आला.