सासूबाईंची हरकत

देशातली कुठलीही गाडी रखडली की घरात बोलणी तिलाच बसत. ती रेल्वेच्या वेळापत्रक विभागात होती. दिवसभर पडद्यावर तिरक्या रेघा ओढायच्या, एक रेघ म्हणजे एक गाडी. रेघेला रेघ आडवी गेली की कुणाला तरी थांबावं लागणार. सासूबाई सरसकट "तुझ्या गाड्या" म्हणत, जणू सुनेने त्या माहेरून आणल्या होत्या.

सासूबाई थोरल्या मुलाकडे, मुख्य मार्गातून फुटणाऱ्या छोट्या लाइनवरच्या गावात राहत. उभं आयुष्य शिवणकामात गेलेलं. मनात आलं की पिशवी उचलून त्या एकट्याच धाकट्याकडे, म्हणजे हिच्या घरी, निघत. छोट्या गाडीने जंक्शनला यायचं, पूल ओलांडायचा आणि पलीकडे जलद गाडी पकडायची. कुणी न्यायला आलेलं त्यांना खपत नसे.

यंदा मात्र जलद गाडी त्यांच्या डोळ्यांदेखत सुटली. त्या तेव्हा पुलाच्या शेवटच्या पायऱ्या उतरत होत्या. पुढची गाडी येईपर्यंत बाकावर बसून राहिल्या आणि उशिरा धाकट्याकडे पोचल्या. जेवताना म्हणाल्या, "आता माझं येणं बंद. पोरांना कामधंदा सोडून न्यायला लावायचं, ते मला जमायचं नाही."

सुनेचा घास हातातच राहिला. गाडी बदलायला किती वेळ द्यायचा हे ठरवायची विभागात एक रीत होती. आपल्यातल्याच कुणी जंक्शनला जायचं आणि पूल चढून-उतरून बघायचं. गेल्या खेपेला तीच गेली होती. रिकाम्या हातांनी, कामाच्या घाईत, टकाटका चालत. तिला लागलेला वेळ नियमात चपखल बसला होता.

"त्या पुलावरून मीच चालून पाहिलं होतं, आई."

"कळलं मला. गुडघे तुझे होते ना."

नव्या वेळापत्रकाचा मसुदा तेव्हा नुकताच जाहीर झाला होता. भांडी पुसता पुसता ती भिंतीकडे बघून म्हणाली, "यावर नियामक मंडळाकडे हरकत घेता येते. कुणालाही. आम्हा विभागातल्या लोकांना सोडून." सासूबाईंनी लगेच चष्मा मागितला.

सुनावणीच्या दिवशी साहेबांनी विभागाची बाजू मांडायचं काम ऐनवेळी तिच्याच गळ्यात मारलं. ती उभी राहिली आणि आधी म्हणाली, "हरकत घेणाऱ्या माझ्या सासूबाई आहेत. हवं तर मी बाजूला होते."

अध्यक्षबाईंनी सासूबाईंकडे पाहिलं. "तुमची काही हरकत?"

"हिच्यावर? नाही. हरकत वेळापत्रकावर आहे. सुनेवरच्या घरी सांगेन."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. सुनेने विभागाचा कागद उघडला. जलद गाडीच्या भरवशावर पुढच्या जंक्शनांवर बाकीचे प्रवासी असतात, म्हणून ती थांबवता येणार नाही, असं तिने सांगितलं. ते खरंच होतं, तरी सांगताना तिला सासूबाईंकडे बघवेना.

"थांबवू नका ना," सासूबाई म्हणाल्या. "पण मापाबरहुकूम कापड कापलं तर शिवायला काय उरणार? थोडी माया सोडावीच लागते. माणूस काय, आज बारीक, उद्या जाड."

अध्यक्षबाई सुनेकडे वळल्या. "दुसरा काही मार्ग?"

मार्ग होता. पूल ओलांडायलाच लागू नये, अशी छोटी गाडी जलद गाडीच्याच फलाटाच्या दुसऱ्या कडेला आणता येत होती. पण ती जागा वर्षानुवर्षं मालगाडीची. ती हलवली की मालवाहतुकीचे लोक साहेबांवर घसरणार आणि साहेब तिच्यावर. गेले काही दिवस ती रेघ तिने मनातल्या मनात कितीदा ओढली आणि कितीदा पुसली होती.

"आहे," ती म्हणाली. "मालगाडीला बाहेर थोडं थांबावं लागेल."

मंडळाने सहा महिने करून बघायला सांगितलं. मालवाल्यांची तक्रार आली तर पुन्हा सुनावणी.

साहेब दुसऱ्या दिवशी म्हणाले, "सासू सांभाळलीत. आता मालवाल्यांना कोण सांभाळणार?"

"त्यांच्याही सासवा असतीलच, साहेब," ती म्हणाली, आणि मालवाल्यांना पत्र लिहायला बसली.

नवं वेळापत्रक सुरू झालं त्या दिवशी ती पाहणीला जंक्शनवर गेली. छोटी गाडी ठरल्या जागी लागली. सासूबाई पिशवी घेऊन उतरल्या आणि तिला पाहून थबकल्या.

"पाळत ठेवायला आलीस?"

"कामावर आहे मी."

तिने पिशवीसाठी हात पुढे केला. सासूबाईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली, मध्येच थांबून चपलेचा पट्टा नीट केला, आणि सावकाश फलाट ओलांडून जलद गाडीत चढल्या. खिडकीतून म्हणाल्या, "चढ की. तुझीच गाडी आहे."

बाहेर सिग्नलला मालगाडी शिट्टीवर शिट्टी मारत होती. "मला तिचं बघावं लागेल, आई. तुम्ही व्हा पुढे."

"मग किल्ली दे. तू येईपर्यंत मी काय दारात बसू?"

तिने पर्समधून घराची किल्ली काढून खिडकीतून त्यांच्या हातात दिली.