पिंजऱ्यातले डॉक्टर

डॉक्टरांशी मी एकदा खोटं बोललो आणि ते खरं मानूनच डॉक्टर गेले. बायकोलाही हे आजवर सांगितलेलं नाही.

गोव्यात डिचोलीच्या डोंगरावर आमचं लहानसं प्राणिसंग्रहालय. मी बांधकामाचा सुपरवायझर, ते आमोण्याचे, जनावरांचे डॉक्टर. नवा पिंजरा तयार झाला की चष्मा माझ्या हातात देऊन आत शिरत, बाहेरून कडी घालायला लावत आणि जाळीवर अंग टाकत. लाथा, खांदे, डोकंसुद्धा. एकदा बिजागऱ्या उखडून दारासकट माझ्या पायांशी आले. कपाळातून रक्त, आणि हसतायत! "मी म्हातारो, तरी दार मोडलंय. बिबटो असतो तर तुझा काय रवला असता रे?"

सिमेंट कमी पडलं की घमेलं माझ्या अंगावर येई. तासाभराने स्वतःच बेकरीतली पोई आणि भाजी पुढ्यात ठेवत. "खा. तुका मारूचो हक्क माझो, उपाशी ठेवूचो नाय."

जांभ्या चिऱ्याची उघडी भिंत त्यांना खपत नसे. भोकात करंगळी घालून म्हणत, "घराक हो बरो, पिंजऱ्याक नाय. कितीय धुवा, रोग आत बसान रवता."

चवथीच्या तोंडावर, आजारी जनावरांच्या अशाच एका खोलीत एक रानमांजर ओकून, रक्त हगून मेलं. डॉक्टरांचा हुकूम झाला: चिरा आगीने भाजायचा, औषधाने धुवायचा, वर जाड गिलावा. पण गवंडी सारे सिंधुदुर्गातले. गणपतीला कुडाळला गेलेले, त्यांना कोण थांबवणार? तेवढ्यात पेडण्याच्या काजूबागेतून बिबट्याची दोन पिल्लं आली आणि ठेवायला तीच खोली रिकामी होती. मी भिंतीला नुसतं सिमेंटचं घट्ट पाणी फासलं. गुळगुळीत दिसली.

"भाजलंस? धुतलंस?"

"होय, डॉक्टर."

"जाळी मी बघतंय. भिंत तुझ्यार."

पिल्लांनी नखांनी पोपडे काढले. मी ते झाडून टाकले आणि पुन्हा फासलं. थोड्याच दिवसांत दोन्ही पिल्लं तशीच ओकून मेली.

डॉक्टरांनी ती फाडून पाहिली. रोग मांजरांचा; भिंत तर धुतलेली, म्हणजे तो बाहेरून आला. हळर्णचा बाबलो पिल्लांना सांभाळायचा आणि त्याच्या घरी मांजरं होती. रक्ताळल्या हातांनीच त्यांनी त्याला धरलं. "घरचे कपडे घालून आत इलंस! तूच मारलंस!" रबरी नळी उचलून मारत सुटले.

"नाय हो डॉक्टर, बदललंय कपडे!"

नळीच्या पितळी तोंडाने त्याचा दात पाडला. मी हातभर अंतरावर उभा होतो. एक शब्द पुरला असता.

दुसऱ्या दिवशी बाबलोने घरची मांजरं गोणीत भरली, गोणी पुलाच्या कठड्यावर आपटली आणि नदीत टाकली. कामावर तो परत आला नाही.

त्या मारहाणीने डॉक्टरांची झोप उडाली. शेवटी मला घेऊन हळर्णला गेले. बाबलोच्या अंगणात त्याच्यापुढे काठी धरली. "मांजरां तुझी चुकली, पण हात माझो चुकलो. मार माका."

"चूक माझीच, डॉक्टर," बाबलो म्हणाला. काठीला हात लावेना.

तेव्हा डॉक्टरांनी ती काठी स्वतःच्याच डाव्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचं ऐकू आलं. बाबलो रडत त्यांना बिलगला, त्याची बायको पाणी घेऊन धावली. मी फाटकापाशीच.

परतताना सुजलेला हात मांडीवर धरून ते म्हणाले, "तू होतंस म्हणान बरां. तुझ्या भिंतीकडे माका परत बघूक लागला नाय."

वर्षभरात डॉक्टर हृदयविकाराने गेले. त्यांना आता काही सांगता येत नाही. बाबलो हळर्णलाच आहे, मी रस्त्यात दिसलो की हात करतो. त्याच्या मांजरांनी काही केलं नव्हतं आणि त्यानेही नव्हतं, हे त्याच्या अंगणात, त्याच्या बायकोदेखत, माझ्या तोंडाने सांगायचं अजून राहिलं आहे.