बाईंची तिसरी हाक

आमच्या दोन घरांच्या मधे कमरेएवढी मातीची भिंत आहे. वाटण्या झाल्या तेव्हा घातलेली, पण तिच्यावरून वाटीभर साखर आणि गावभरच्या बातम्या रोज इकडून तिकडे जात. दीड महिन्यापूर्वी एका सकाळी मी चहा टाकून नेहमीसारखी भिंतीपाशी गेले आणि हाक मारली, ''बाई...'' ओ आली नाही. पुन्हा हाक मारली. तेव्हा दार उघडून माझे भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, बाहेर आले. आमच्याकडे भासऱ्याने धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नसतं. लग्न होऊन आल्यापासून ते माझ्याशी एक शब्द बोललेले नव्हते. त्या दिवशी ते भिंतीपर्यंत आले, खाली मान घालून म्हणाले, ''नोको बलावू आता.'' तिसरी हाक माझ्या तोंडातच राहिली.

बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी पवनीची. नदीच्या काठी, बाजाराच्या गलक्यात वाढलेली. लग्न होऊन सिहोऱ्याजवळच्या या गावात आले तेव्हा घराच्या मागेच डोंगर आणि डोंगरभर जंगल पाहून माझी छाती दडपली होती. बाईंनी मला माझ्या नावाने कधीच हाक मारली नाही. मी त्यांची 'पवनीवाली' ती पवनीवालीच राहिले. काळजी करण्यात बाईंचा हात कोणी धरू शकत नसे. तुमसरची एस. टी. जरा उशिरा आली की ती त्यांच्या मनात नाल्यात उलटलेली असायची. चूल विझली का ते पाहायला अर्ध्या वाटेवरून परत यायच्या आणि पुन्हा निघताना पुन्हा तीच शंका. आम्ही सगळे हसायचो. त्याही हसायच्या, पण चूल पाहून आल्यावर.

अशा बाईंना वर्षातून एकदा डोंगराच्या फेऱ्याला जायची मात्र भारी हौस. दसरा झाला, लवकर पिकणारा हलका धान कापणीला आला, की गावातल्या बाया एक दिवस ठरवून निघत. पूर्वेकडून चढायचं, माथ्यावरच्या दगडाच्या देवाला नव्या धानाची लोंबी वाहायची, तिथून माथ्यामाथ्याने जाऊन पश्चिमेकडून तलावावर उतरायचं आणि दिवस बुडायच्या आत घरी. देव आपला निमित्ताला. खरं म्हणजे एक अख्खा दिवस चुलीपासून सुटका, आणि येताना ओटीभर सीताफळं. मी पहिल्यांदा गेले ते साल शहात्तर-सत्याहत्तर असावं. मला तिसरा महिना होता. सासूबाई सोडायला तयार नव्हत्या आणि मी हट्टाला पेटले होते. शेवटी बाईच मधे पडल्या आणि सासूबाईंना म्हणाल्या, ''मी हाओ ना, मामीजी. जशी नेतो तशी आनतो.'' सासूबाईंनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की बाईंचा चेहरा तिथल्या तिथे उतरला. शब्द देऊन बसल्या होत्या, आता मागे कसं फिरणार?

चढताना त्यांनी मला रानाच्या रीती शिकवल्या. त्यातली एक अशी, की रानात आपल्याला कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्या हाकेलाही नाही. रानातलं जे काय असतं, ते माणसाच्या आवाजात लागोपाठ दोनदाच हाक मारू शकतं. ''तिसरी हाक आली तं माणूस समज. मंग दे ओ.'' गावातल्या साऱ्याच बाया हे पाळत. मी पवनीची शहाणी मनात हसले, पण पोटातल्या जिवाची आठवण झाली आणि मुकाट्याने मान डोलावली.

देव झाला, भाकरी खाऊन झाली. बाकीच्या बाया पुढे निघाल्या. बाई माझ्यासाठी हळू चालत होत्या, काठीने गवत झोडपत, दर चार पावलांनी मागे वळून बघत. गवत माझ्या डोक्याच्या वर गेलेलं. अशात उताराला मला डोळे पडलेलं, पिकायला आलेलं सीताफळ दिसलं. हातभरच तर खाली आहे म्हणून मी वाट सोडली. एकाच्या पुढे दुसरं, दुसऱ्याच्या पुढे तिसरं... ओटी भरून मान वर केली तर वाट नाही. गवताने वाट मिटवून टाकली होती. चारी दिशांना साग आणि बांबू, आणि सगळं एकसारखं.

''ए पवनीवाली!''

मी ओठ घट्ट मिटले. दुसरी हाक आली. मी तिसरीची वाट पाहत उभी राहिले. ती आलीच नाही. थोड्या वेळाने पुन्हा दोन हाका, या वेळी दुसऱ्याच बाजूने आल्यासारख्या. पुन्हा चूप. दरीत आवाज कुठून येतो ते कळत नाही. परत दोन... बाई असत्या तर तिसरी हाक मारली नसती का? त्यांनीच तर शिकवलं. म्हणजे हे बाई नाहीत. एका सागाला पाठ लावून, पोटावर हात ठेवून मी खाली बसले. बांबूत काही तरी खसखसत होतं. अस्वल असेल असं वाटलं आणि दुसरं काही नसून अस्वलच असावं असंही वाटलं. ऊन पिवळं व्हायला लागलं होतं. रडूसुद्धा येईना, इतकी मी घाबरले होते.

मग पुन्हा दोन हाका आल्या, अगदी घोगऱ्या, आणि त्यांच्या मागोमाग मोठ्याने रडणं. ''आता म्हातारीले कोन्तं तोंड दाखवू वं मायऽ...'' ते ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. भुताला सासू नसते. मी सारा जीव एकवटून ओरडले, ''बाईऽ, मी इकडं हाओ!''

गवत फाडत त्या आल्या. आधी पाठीत एक धपाटा घातला, मग पोटाला हात लावून पाहिला, मग मला घट्ट धरून उभ्या राहिल्या. ''ओ काहून नाही देल्ली वं?'' ''तुमीच सांगतलं ना, तिसऱ्या हाकेले द्याची म्हनून. तुमी तिसरी हाक काहून नाही मारली?'' त्यांनी माझा हात धरून मला वाटेवर आणलं. खाली तलावावर पाय धुताना, पाण्याकडे पाहत, हळूच म्हणाल्या, ''तिसरीलेबी तुही ओ नसती आली तं? मंग मी काय केलं असतं? दोन हाका मारल्या का वाटे, अजून एक हाये.''

घरी आम्ही कोणाला काही सांगितलं नाही. पुढे माझी मुलगी झाली, ती माझ्यापेक्षा बाईंच्याच मांडीवर वाढली. तिला सिहोऱ्याच्या शाळेतून यायला उशीर झाला की बाई अंगणातून दोनदा हाक मारत आणि मग चपला न घालता रस्त्याला लागत. यंदा पावसाळ्यात त्यांच्या पोटात गाठ निघाली. तुमसरला दाखवलं, भंडाऱ्याला दाखवलं. नागपूरला मोठ्या डॉक्टरकडे चला म्हणून मी अक्षरशः हातापाया पडले. त्या नुसत्या मान हलवत राहिल्या. ''दोघाइले दाखवलं ना... राहू दे तिसरा.'' सगळे चिडले. हट्टी म्हणाले, अडाणी म्हणाले. मला मात्र तलावाकाठचं ते पाणी दिसत होतं.

परवा बाया फेऱ्याला गेल्या. जाऊ नये असं वाटत होतं, तरी गेले. मुलगी माझ्या पुढे चालत होती आणि दर चार पावलांनी मागे वळून बघत होती. संध्याकाळी ओटी भरून सीताफळं घेऊन आले. डोळे पडलेली, बाईंना आवडायची तशी चार निवडली आणि भिंतीपाशी गेले. पलीकडे दार लोटलेलं होतं. ''बाई...'' पुन्हा एकदा, ''बाई...''

फळं भिंतीवर ठेवली आणि घरात आले. अजून एक हाक आहे.